हिमबिबट्या बघायचाय? आधी पंधरा दिवस काढा, मग किब्बरचा रस्ता धरा

हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या किब्बरला हिमबिबट्या बघायला जायचं म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "नक्की दिसतो का?" मी उलट विचारते, "हाताशी दिवस किती आहेत?" आठवडाभराची रजा असेल तर सरळ सांगते, यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी पंधरा दिवस काढा आणि मग जा. आठवड्यातले बहुतेक दिवस रस्त्यातच जातात, आणि घाईनं वर पोहोचलेला माणूस डोकं धरून खोलीत पडून राहतो. त्याला समोरचा डोंगरसुद्धा धड दिसत नाही, मग बिबट्या कुठला दिसायला!

मी नाशिकची. शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. वीस-बावीस वर्षं नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघतेय. तिथे हिवाळ्यात उतरणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, हे वर्गात कितीदा सांगितलं असेल त्याला गणती नाही. ज्या दिवसांत ते आपल्याकडे असतात त्या दिवसांत हिमालयापलीकडे काय चाललेलं असतं, हे एकदा डोळ्यांनी बघायचं मनात होतं. म्हणून स्पितीत गेले. दोनदा गेले, दोन्ही वेळा फेब्रुवारीत. पहिल्यांदा चुकीच्या रीतीनं, दुसऱ्यांदा नीट. खाली लिहिलंय ते त्या दोन फेऱ्यांमधून शिकलेलं.

तिथे फाटक नाही

किब्बर हे हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पिती जिल्ह्यातलं गाव. उंची सुमारे ४,२०० मीटर. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या अडीचपट उंचीवर माणसं घरं बांधून राहतात, शेती करतात, गुरं पाळतात. गावाच्या नावाचं अभयारण्य १९९२ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २,२२० चौरस किलोमीटर. ताडोबासारखं फाटक, जिप्सी, सकाळ-संध्याकाळची फेरी असं चित्र डोक्यात असेल तर ते इथे लागू पडत नाही. गाव आणि जंगल यांच्यामध्ये भिंत नाही. आणि 'जंगल' म्हणावं असं झाडही नाही. मोसमी ढग हिमालयाच्या दक्षिणेकडच्या रांगांवर रिते होतात, त्यामुळे स्पितीत पावसाचं मान फार कमी. शीत वाळवंट म्हणतात ते हेच. उन्हाळ्यात विटकरी-पिवळा आणि हिवाळ्यात पांढरा, एवढेच दोन रंग.

एक गोष्ट जाण्याआधी माहीत असू द्या, कारण तिच्यामुळे तिथल्या माणसांशी वागायची रीत बदलते. हिमबिबट्या इथे टिकला त्यात गावकऱ्यांचा मोठा वाटा आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस किब्बरच्या लोकांनी 'नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन' या संस्थेसोबत ठरवून काही चराऊ डोंगर आपल्या गुरांसाठी बंद केले. तिथलं गवत भरलांसाठी, म्हणजे तिथल्या रानमेंढ्यांसाठी, राखलं. भरल वाढले, म्हणजे बिबट्याचं खाणं वाढलं. २००२ च्या सुमारास गावानं जनावरांचा विमा सुरू केला. बिबट्यानं याक किंवा घोडा मारला तर मालकाला त्या निधीतून भरपाई मिळते, मग विष घालायची किंवा सापळा लावायची वेळ येत नाही. आपण दुर्बीण घेऊन जातो ते या माणसांनी सोडलेल्या कुरणांवर. तुम्ही राहण्याचे, वाटाड्याचे जे पैसे देता ते त्याच गावात पडले पाहिजेत. त्यामुळे मुक्काम गावातल्या घरीच करा आणि वाटाड्याही गावातलाच घ्या. यात घासाघीस करू नका.

चढायचं ते हळू

हिवाळ्यात मनालीकडून येणारा रस्ता बंद असतो. कुंझुम खिंड ४,५५१ मीटरवर आहे, ती बर्फाखाली जाते. उरतो तो शिमला-किन्नौरचा रस्ता, सतलज आणि मग स्पिती नदीच्या कडेकडेनं. लांबचा आहे, पण तोच चांगला, कारण तो हळूहळू वर नेतो.

पहिल्या वेळी मी एका सहलवाल्यांबरोबर गेले होते. चंदीगडहून निघालो, चौथ्या रात्री किब्बरमध्ये झोपायचं असं त्यांचं वेळापत्रक. झोपलो कुठे! माझं कपाळ फुटायला आलं होतं, पाणीसुद्धा पोटात ठरेना. आमच्यात अठ्ठावीस वर्षांचा एक मुलगा होता, दर रविवारी सह्याद्रीत फिरणारा, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं चढलेला. रात्री दोन वाजता तो उठला आणि दारापर्यंत सरळ चालता येईना, दारू प्यायल्यासारखे पाय पडायला लागले. घरमालकांनी एक क्षण वाया घालवला नाही. स्वतःची गाडी काढली आणि त्या अंधारात, बर्फावरून, त्याला खाली काझाच्या, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावाच्या, दवाखान्यात नेलं. प्राणवायू लावला, दुसऱ्या दिवशी आणखी खाली पाठवलं. पोरगा वाचला.

म्हणून हे नीट वाचा. शरीर कमावलेलं आहे म्हणून विरळ हवेचा त्रास होत नाही, असं अजिबात नसतं. ४,२०० मीटरवर दर श्वासात प्राणवायू मिळतो तो समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. त्याची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात आणि ते दिवस पैसे देऊन विकत मिळत नाहीत. ३,००० मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नका. दिवसा वर जाऊन आलात तरी चालेल, झोप मात्र खाली.

दुसऱ्या वेळी मी असं केलं: पहिली रात्र नारकंडा, साधारण २,७०० मीटर. दुसरी कल्पा, २,९६० मीटर. तिसरी आणि चौथी ताबो, ३,२८० मीटर. ताबोची गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेली आहे. मातीच्या भिंती आणि आत हजार वर्षांपूर्वीची चित्रं, एक अख्खा दिवस त्यात सहज जातो आणि फुप्फुसांनाही विसावा मिळतो. पाचवी-सहावी रात्र काझा, सुमारे ३,७०० मीटर. सातव्या दिवशी किब्बर. काझाहून किब्बर जेमतेम वीस किलोमीटर, पण ते सातव्या दिवशीच. किब्बरमध्ये सहा रात्री ठेवल्या आणि परतीला तीन दिवस.

डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचं काही असेल तर आधी तपासणी करून घ्या. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या दिवसात होऊ शकतं. तेव्हा आणखी वर न जाता आहात तिथेच थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं. पण बसल्याजागी धाप लागली, खोकल्यात फेस आला, बोलणं अडखळलं किंवा तोल जायला लागला तर सकाळची वाट बघू नका. त्याच घटकेला खाली उतरा. प्राणवायूच्या सिलिंडरनं थोडा वेळ मिळतो, पण बरं वाटतं ते खाली उतरल्यावरच.

रस्त्याबद्दल थोडंसं. फेब्रुवारीत सावलीतल्या वळणांवर बर्फाचा पातळ, पारदर्शक थर असतो. तो डांबरासारखाच काळा दिसतो आणि गाडी त्यावरून साबणासारखी सरकते. त्यामुळे चालक किन्नौर किंवा स्पितीचाच हवा, चाकांना बांधायच्या साखळ्या गाडीत हव्यात, आणि प्रवास उजेडातच. नाको गावाजवळ मलिंगच्या नाल्यात दरड किंवा बर्फ येऊन रस्ता दोन-दोन दिवस बंद राहू शकतो. परतीच्या विमानाच्या तिकिटात दोन दिवस मोकळे ठेवा, म्हणजे चालकाला घाई करा म्हणायची वेळ येत नाही. भारतीय नागरिकांना स्पितीसाठी वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र जवळ असू द्या. परदेशी पारपत्र असलेले मुलं-नातवंडं सोबत येणार असतील तर त्यांना मात्र रिकाँग पिओ ते काझा या पट्ट्यासाठी परवाना काढावा लागतो. अभयारण्यात फिरायच्या परवानगीचं काझाच्या वनविभागाच्या कार्यालयात आधी विचारा. रोख रक्कम भरपूर घ्या.

कपडे, खाणं, खोली

रात्री पारा उणे वीसच्या खाली उतरतो. एकच जाडजूड जॅकेट घेऊन भागत नाही, थरावर थर लागतात. अंगाला चिकटून लोकरीचं अंतर्वस्त्र, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट, सगळ्यात वर वारा अडवणारं. सुती काहीही अंगाला लावू नका. घाम शोषून ओलं राहतं आणि बसल्यावर गोठवतं. बूट एक माप मोठे घ्या. दोन जोड लोकरी मोजे घालून बोटं हलली पाहिजेत, आवळलेल्या बोटांत रक्त फिरत नाही. हातमोजे दोन: आत पातळ, बाहेर पिशवीसारखे जाड. दुर्बिणीचं चक्र फिरवायला बाहेरचा काढायचा, आतला राहू द्यायचा. उघड्या हातानं तिपाईच्या धातूला स्पर्श केलात तर कातडी चिकटते.

काळा चष्मा हवाच. बर्फावरून परतलेलं ऊन डोळे भाजतं. तेच ऊन नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीच्या खालीही लागतं, त्यामुळे उन्हासाठीचं मलम तिथेही लावा.

गावात थंडीत नळ गोठलेले असतात. पाणी आणलेलं किंवा बर्फ वितळवलेलं असतं, तेव्हा अंघोळीचा हट्ट सोडा. संडास कोरडा: वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी माती टाकायची. वसंतात तेच खत शेतात जातं, मटार त्याच्यावर पिकतात. म्हणून त्यात प्लास्टिक, वेट वाइप्स, सॅनिटरी पॅड यांतलं काहीही टाकायचं नाही. बायकांनी जाड कागदी पिशव्या सोबत ठेवाव्यात आणि वापरलेलं सगळं परत शहरात आणावं. मी माझ्या सगळ्या मैत्रिणींना हे आधीच सांगते, कारण तिथे ऐनवेळी विचारायचा संकोच होतो.

घरात एकच खोली उबदार असते, मधोमध लोखंडी शेगडी असलेली. तिला तिथे तंदूर म्हणतात. लाकूड आणि शेण जळतं. घरातले सगळे, पाहुणे, मांजर, सगळे तिथेच. झोपायच्या खोलीत तंदूर पेटता ठेवून, दार-खिडक्या गच्च लावून झोपू नका. धुरातला विषारी वायू कळतही नाही. गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्या, तेवढी पुरते.

जेवायला भात-डाळ, राजमा, बटाटा, थुक्पा (शेवयांचं सूप), टिंगमो (वाफवलेला पाव). ४,२०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय भात शिजत नाही आणि चहाही आपल्यासारखा कडक होत नाही. मी सोबत मेतकूट नेते. मळमळत असताना मऊ भात, मेतकूट आणि तिथलं लोणी एवढंच घशाखाली उतरतं. गुळपापडीच्या वड्याही नेते, पण त्या आतल्या खिशात ठेवाव्या लागतात. बाहेरच्या खिशात राहिल्या तर दगड होतात. पाणी दिवसाला तीन लिटर, तहान लागो न लागो. थर्मासात गरम भरून घ्या, बाटलीतलं गोठतं.

बघायचं कसं

आता ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते. हिमबिबट्याच्या मागे चालायचं नसतं. एका जागी बसून डोंगर वाचायचा असतो. पहिल्या खेपेला मी (बरी झाल्यावर उरलेले दोन दिवस) या कड्यावरून त्या कड्यावर धावत होते आणि काही दिसलं नाही. दुसऱ्या खेपेला पाच दिवस जवळपास एकाच जागी बसले.

ती जागा किब्बर आणि शेजारचं चिचम गाव यांच्यामधल्या घळीच्या काठावर. तिथे २०१७ साली पूल झाला. त्याआधी लोक तारेवरच्या पाळण्यात बसून ती दरी ओलांडायचे. घळ शेकडो फूट खोल, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि कड्यांच्या वर गवताचे उतार. भरलांना चरायला गवत आणि पळायला कडा दोन्ही शेजारी लागतात. भरल जिथे, बिबट्या तिथे. डिसेंबर ते मार्च वरचे डोंगर बर्फानं भरले की भरल खाली उतरतात आणि तो त्यांच्या मागोमाग येतो. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोडीचा काळ, त्यामुळे हालचाल वाढते. माझ्या मते मधला फेब्रुवारी ते मधला मार्च सगळ्यात चांगला.

डोळ्यांना काम वाटून द्या. समोरचा उतार मनातल्या मनात आडव्या पट्ट्यांत पाडा. आधी धार, जिथे डोंगर आकाशाला लागतो. तिथे चालणारं जनावर उठून दिसतं. मग कड्याच्या पायथ्याची रेघ, मग बाहेर आलेल्या खडकांखालच्या सावल्या, मग मोकळा उतार. प्रत्येक पट्टी डावीकडून उजवीकडे सावकाश. एकदा झाली की पुन्हा पहिल्यापासून. दगड दगडच राहतो, पण दहा मिनिटांपूर्वी नसलेला 'दगड' दिसला तर तिथे थांबा. ८ गुणिले ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरेशी आहे. तिपाईवरची मोठी दुर्बीण वाटाड्याकडे असते. तिच्या काचेवर आपला श्वास बसून बर्फ जमतो, म्हणून डोळा लावताना श्वास रोखायचा किंवा तोंड बाजूला करून सोडायचा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीत धडाधड उतरतात, त्या अंगालगत ठेवा. संध्याकाळी उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा. नाहीतर काचेच्या आतून पाणी धरतं.

पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास पलीकडच्या उतारावर सतरा भरल चरत होते, माद्या आणि गेल्या वर्षीची पिलं. भरलाचा रंग म्हणजे तिथल्या दगडाचाच, निळसर राखाडी. बसलेला असेल तर दहा वेळा नजर फिरूनही सुटतो. पुढच्या पायांवरच्या काळ्या पट्ट्यांवरून ओळखायचा. मी कड्याच्या सावल्या धुंडाळत होते. आमचा वाटाड्या, पंचविशीतला, गावातलाच मुलगा, हळूच म्हणाला, "आंटीजी, बिबट्या मत ढूँढो. उनको देखो. वो जिधर देख रहे, उधर." सतरांपैकी एकाचंही तोंड गवतात नव्हतं. सगळ्यांच्या माना वर आणि एकाच दिशेला. मग एका मादीनं आवाज काढला, शिट्टी आणि शिंक यांच्या मधला, तुटक.

ती जिकडे बघत होती तिकडे मोठी दुर्बीण वळवली. काहीच नाही. खडक, बर्फाचे तुकडे, पिवळी गवताची झुबकं. चाळीस मिनिटं काहीच नाही. आणि मग खडकाच्या एका कपारीतून काहीतरी खाली लोंबकळलं आणि पुन्हा वर गेलं. शेपूट. त्या शेपटीवरून मागे मागे जात अंग उलगडलं. आधी मांडीवरची काळी वलयं, मग खांदा, मग पंजावर ठेवलेलं डोकं. एवढा वेळ मी त्याच्याकडेच बघत होते आणि तो मला दगडच वाटत होता. अंतर सातशे मीटर तरी असेल. तो झोपलेला होता. शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब आणि जाड. ती त्यानं गुंडाळून नाकावर घेतली, आपण मफलर घेतो तशी.

पुढे चार तास तो झोपला आणि चार तास आम्ही बसलो. साडेतीनला उठला, पुढचे पाय ताणून पाठ खाली दाबली, घरातलं मांजर करतं अगदी तस्सं. एका पुढे झुकलेल्या खडकाशी गेला, गाल घासला, मागे वळून शेपूट उभी करून त्यावर मूत्राची चिळकांडी मारली, मागच्या पायांनी दोनदा जमीन उकरली. मग धारेवर चढला, एक क्षण आकाशावर उभा राहिला आणि पलीकडे गेला. चालणं सगळं मिळून सहा-सात मिनिटांचं. मी रडत होते, हे गालावर पाणी गोठल्यावर कळलं. वाटाड्यानं काही न बोलता थर्मासातला चहा पुढे केला. स्पितीत हिमबिबट्याला 'शेन' म्हणतात. तो एवढंच म्हणाला, "शेन."

दुसऱ्या दिवशी गावाजवळच्या पायवाटेवर पहाटे ताजे ठसे मिळाले. चार बोटं, नखांची खूण नाही, कारण मांजरकुळातलं जनावर चालताना नखं आत घेतं. कुत्र्याच्या आणि लांडग्याच्या ठशात नखं उमटतात. ठसा माझ्या तळव्यात मावेल एवढा, कडा धारदार, तळाला बर्फ काचेसारखा दाबलेला. नऊला ऊन आलं आणि कडा विरघळून तो मोठा दिसायला लागला. म्हणून ठसे बघायचे ते ऊन चढायच्या आत.

आणखी एक खूण. गिधाडं, डोमकावळे, लाल चोचीचे डोंगरकावळे एखाद्या ठिकाणी जमले पण खाली उतरत नाहीत, नुसते आजूबाजूच्या दगडांवर बसून आहेत, असं दिसलं तर शिकार पडलेली आहे आणि मालक अजून तिथेच आहे असं समजा.

बिबट्याची वाट बघताना बाकीचं सोडू नका. आयबेक्स या रानबकऱ्याचे नर मागे वळलेल्या, गाठी-गाठींच्या शिंगांचे, दाढीवाले, उभ्या कड्यावर सहज उभे असतात. लाल कोल्हा गावाच्या कडेला रोज दिसतो. दाढीवालं गिधाड, म्हणजे लॅमरगायर, गच्चीच्या उंचीवरून जातं. ते हाड उंचावरून खडकावर टाकतं, फोडतं आणि हाडाचे तुकडे गिळतं, त्याचं मुख्य खाणंच ते. सकाळी हिमकुक्कुट या पक्ष्याची शीळ अख्खी घळ भरून टाकते. लांडगा मला एकदाच दिसला, तोही पाठमोरा.

कुठे थांबायचं

२०१९ ते २०२३ या काळात झालेल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला. सबंध देशात. तेव्हा एकाला त्रास दिला तरी तो लहान त्रास नाही.

शिकारीवर बसलेला बिबट्या आपल्यामुळे उठून गेला तर त्याला पुन्हा शिकार करावी लागते, आणि पुढची शिकार गावातल्या कुणाचा तरी याक असू शकतो. पहिल्या खेपेला रस्त्याजवळ एक भरल मारलेला होता आणि वर पंचवीस-तीस माणसं कॅमेरे घेऊन उभी होती, मोठमोठ्यानं बोलत. बिबट्या दिवसभर कपारीतून बाहेर आला नाही. अशी गर्दी दिसली तर निघून या. तुमच्या वाटाड्याला सांगा की आम्हाला जवळ जायचं नाही. पाहुणा खूश व्हावा म्हणून तो पुढे नेतो, पाहुण्यानंच नको म्हटलं तर त्यालाही बरं वाटतं. अंतर किती ठेवायचं ते जनावर सांगतं. ते खातंय, झोपलंय, अंग चाटतंय तर ठीक. मान वर करून तुमच्याकडे बघत राहिलं तर तुम्ही आधीच जास्त पुढे आला आहात. भरलांनाही पळवू नका. हिवाळ्यात त्यांच्या अंगावरची चरबी हेच त्यांचं धान्य, खोल बर्फातून एकदा पळालं की त्यातलं बरंच खर्च होतं.

ड्रोन नेऊ नका. बिबट्या दिसत असताना जागेचा ठावठिकाणा फोनवरून कुणाला कळवू नका. खायचं काही बाहेर टाकू नका, संत्र्याची सालसुद्धा नाही; त्या थंडीत ती कुजत नाही. आणि गावातल्या कुत्र्यांना बिस्किटं घालू नका. मला कुत्री आवडतात, त्यामुळे हे लिहिताना जड जातं. पण पर्यटकांच्या उरल्यासुरल्या खाण्यावर स्पितीत कुत्र्यांची संख्या वाढली आहे. हिवाळ्यात पर्यटक नसले की तीच कुत्री कळप करून शेळ्या-मेंढ्या मारतात, कोल्ह्या-भरलांच्या मागे लागतात.

गावात कुणी समोर आलं की 'जुले' म्हणा. घरातल्या वयस्कर बाईला सगळे 'आमा' म्हणतात, तुम्हीही म्हणा. फोटो काढायच्या आधी विचारा. आमच्या आमानं पहिल्या दिवशी हातानंच नको म्हटलं. पाचव्या दिवशी, बिबट्या बघून परत आलो तेव्हा, तिनं स्वतःहून तंदूरजवळची जागा करून दिली आणि विचारलं, कुठे होता, काय करत होता, पोट भरलेलं दिसत होतं का. पोट भरलेलं होतं म्हटल्यावर तिनं मान हलवली आणि मुलाला आवाज दिला: गोठ्याचं दार आज उशिरा लावलंस तरी चालेल, पण लाव.

ऑक्टोबरमध्येच घर आणि वाटाड्या ठरवून ठेवा. चांगल्या वाटाड्यांचे फेब्रुवारीचे दिवस लवकर भरतात. निघताना जाड मोजे, हातमोजे, औषधं यांतलं काही वापराविना उरलं असेल तर विचारून घरात द्या. आणि फोटो छापून पोस्टानं पाठवा. मी जूनमध्ये पाठवले, मटार पेरून झाले की लोकांना जरा उसंत असते.